जिल्हा परिषदेत शिकलेल्यांच्या सह्या

बाई, तुमची शाळा बंद करतायत. तसं म्हणत नाहीत, विलीनीकरण म्हणतात. मुलं कमी झाली, म्हणून रिंग रोडपलीकडच्या शाळेत घालणार. कमी का झाली, ते कुणी विचारत नाही. छत गळतं, पाच वर्गांना दोनच बाई, आणि यंदा दुरुस्ती म्हणून काय केलं, तर रस्त्याकडच्या भिंतीवर हसरी मुलं रंगवली. माझ्याकडे पोळ्या करायला येते तिची मुलगी तिसरीत आहे. पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "आंटी, उतनी बड़ी सड़क पार नहीं भेजूँगी। घर बिठा लूँगी।" मीठ संपलंय सांगावं, तशा आवाजात.

मला तुम्ही आमच्या दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरच्या दारात दिसता. शाळा सुरू होण्याआधी रजिस्टर काखेत मारून तुम्ही दारोदार फिरायचात. बाकीच्या मुली तुम्हाला बहनजी म्हणायच्या, शिपायाची ही मुलगी बाई म्हणायची. पाचवीनंतर मला घरी बसवलं, तेव्हा शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तुम्ही माझ्या हातात दिलीत. पुढचं माझं सगळं शिक्षण त्या कपाटातलं. एकदा मी न वाचताच कसल्याशा कागदावर ऐटीत सही ठोकली, तर तुम्ही किती बोललात. म्हणालात, "यापेक्षा अंगठा लावणारा बरा. तो निदान आधी विचारतो, यात काय लिहिलंय."

तर मी अर्ज लिहिला. शाळा हलवू नका, छत घाला, शिक्षक द्या. आणि सह्या घ्यायला आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत गेले. मूर्ख मी. तिथे दरवर्षी सत्कार असतात. खांद्यावर शाल पडली की एकेक साहेब गहिवरून सांगतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो, गळक्या छताखाली. टाळ्या पडतात. गळकं छत यांना भाषणात शोभतं. दुसऱ्याच्या पोरीच्या डोक्यावर गळलं, की तो पॉलिसीचा विषय होतो. जन्मभर सरकारी पगार, सरकारी घर, सरकारी दवाखाना, आता पेन्शन, आणि सरकारी शाळा म्हटलं की नाकाला रुमाल. अध्यक्षांनी अर्ज चष्म्याशिवायच वाचला. म्हणाले, "काकू, भावना बिल्कुल पटते. पण तिथे आता जातं कोण?" मी पोळ्यावालीच्या मुलीचं सांगितलं. "अच्छा, मग तिला गरिबांच्या कोट्यातून एखाद्या प्रायव्हेटमध्ये बसवू ना. मी बोलतो कुणाशी तरी." बाकीच्या मुलांचं काय, विचारलं, तर मोदकाचं ताट पुढे केलं. बाई, मोदकसुद्धा विकतचे होते.

त्यांच्या मिसेस मात्र हुशार. गोड हसून म्हणाल्या, "काकू, तुमची नात कुठल्या शाळेत आहे हो?" मी म्हटलं, ती गुरुग्रामला राहते. आणि पिशवी उचलून निघाले.

राहते गुरुग्रामलाच, ते खरं. पण शाळा तिची दिल्लीतली आहे, इंग्रजी, मोठी, माझ्या घरापासून जवळ. त्या शाळेत प्रवेशाला घर जवळ असल्याचे गुण मिळतात. म्हणून मुलगा स्टॅम्प पेपर घेऊन आला होता: नात आजीपाशीच राहते, असं आजीने लिहून द्यायचं. मी चष्मा पुसला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली. आता ती रोज ड्रायव्हरबरोबर हरियाणातून दिल्लीत येते, आणि पोळ्यावालीच्या मुलीला एक रस्ता ओलांडता येत नाही.

अर्ज उद्या नेऊन देणार आहे. खाली दोनच खुणा आहेत. पोळ्यावालीने आधी मला तो दोनदा वाचायला लावला आणि मग अंगठा उमटवला. शेजारी माझी सही आहे. तुम्ही त्यातलं कुठलं खरं धरलं असतं, ते मला विचारावं लागत नाही. हे पत्र कपाटाच्या जुन्या किल्लीखाली ठेवतेय, बाई. खाली सही करत नाही.