खाली केलेले अंगठे

रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय छोटी,

कशी आहेस? आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माझा गुडघा कुरकुरतो आणि स्वयंपाकघरातला नळ गळतो. काल तुझा नवरा येऊन गेला. माझा सख्खा भाऊ, पण टेकला नाही, दारातच उभा राहिला. नळाकडे बघितलंसुद्धा नाही. एरवी पाना घेऊन धावणारा माणूस. जाताना एवढंच बोलला, "ताई, ती विम्याच्या ऑफिसात अर्ज देतेय. म्हणते, मला शिकवता येतच नाही."

तू राजीनामा दिल्यापासून तुझा पाचवीचा वर्ग हेडसरांनी माझ्या गळ्यात घातलाय. पोरं मला 'मोठ्या बाई' म्हणतात आणि तुझी चौकशी 'आमच्या बाई कुठायत' अशी करतात. म्हणजे मी कुणाची, ते माझं मी समजून घ्यायचं.

बघ, नणंदेनं भावजयीची माफी मागायची तर आधी गुडघा, नळ, हेडसर सगळं लागतं.

त्या दिवशी मी प्रशिक्षणातून नवी विद्या घेऊन आले होते. पोरांनी डोळे मिटायचे. समजलं तर अंगठा वर, थोडं समजलं तर आडवा, नाही समजलं तर खाली. परीक्षेची वाट न बघता तिथल्या तिथे कळतं, वर्ग कुठे अडलाय. हेडसर म्हणाले, सगळ्या शिक्षकांना करून दाखवा. मी तुझा तास निवडला. घरचीच तू, विचारायचंही सुचलं नाही. तू अपूर्णांक शिकवलेस, मागे सगळे शिक्षक दाटीवाटीनं बसलेले, आणि शेवटी मी पुढे येऊन अंगठे मागितले. अर्ध्याहून जास्त खाली गेले. मी तिथेच सगळ्यांना म्हणाले, "बघा, एवढा तास घसा कोरडा करून हाती काय लागलं?" तू डस्टर उचललंस आणि फळा पुसत राहिलीस. फळा केव्हाच कोरा झाला होता. वर मी हेडसरांना लिहूनही दिलं की या वर्गापर्यंत विषय पोचत नाही.

पोरांचे डोळे मिटलेले होते, कान नव्हते. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांना तेच अपूर्णांक शिकवले आणि अंगठे मागितले. सगळे वर. त्या बडबड्यानं तर दोन्ही हातांचे वर केले. मी अशी फुशारले की विचारू नकोस, घरी येऊन तुझ्या भाऊजींना दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी तास संपताना चिठ्ठ्या वाटल्या, एकच प्रश्न: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, एक चतुर्थांश. का, तर चार तिनाहून मोठे.

मग मी तुझ्या त्या चष्मेवालीला जवळ बोलावलं. "अगं, कळलं नव्हतं तर अंगठा वर कसा केलास?"

ती म्हणाली, "छोट्या बाई रोज विचारायच्या, कुठे अडलं? अडलं म्हटलं की त्या खूश व्हायच्या. म्हणायच्या, बरं झालं सांगितलंस. आम्हाला वाटलं, तुम्ही पण खूश व्हाल."

"मग?"

"मग बाई गेल्याच ना. आम्ही खाली केले म्हणून गेल्या. आता कुणी खाली करायचा नाही, असं ठरलंय आमचं."

छोटी, इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या पोरीसमोर माझी मान वर होईना. माझ्याकडे अंगठा खाली करायची कुणाची छाती नाही, आणि त्यालाच मी चांगलं शिकवणं समजत आले.

शुक्रवारी शिक्षकांच्या बैठकीत, त्याच सगळ्यांसमोर, मी हे सांगितलं. माझं लिहिलेलं परत मागितलं. हेडसरांनी ते दिलं, पण म्हणाले, जागा भरली, एक तारखेला नवे सर रुजू होतायत. वरातीमागून घोडं. तुझी नोकरी माझ्यामुळे गेली आणि ती आता मला परत आणता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. तुला शिकवता येतं. विम्याच्या ऑफिसात जायचं तर खुशाल जा, पण हे ऐकून जा.

आणखी एक. पोरांना मी सांगितलं, बाई तुमच्यामुळे नाही, माझ्यामुळे गेल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्यासमोर ती कशालाही माना डोलावतात. तू सांगितलंस तरच ती खरं धरतील. एक तारखेच्या आत एकदा ये. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, मी वर्गाबाहेर थांबेन.

ज्या वर्गाला मी खोटं बोलायला शिकवलं, त्या वर्गाच्या वतीनं,
तुझी ताई