कपाळाची अट

बुधवार, ४ मार्च

बाप्तिस्म्याचा वर्ग. तिघंच. दोघं आपल्याच मंडळीतल्या घरांतले, मोबाइल मांडीवर उलटा ठेवून बसणारे. तिसऱ्या हिराबाई. माझगावहून येतात, लालबागच्या मार्केटात मासे विकतात. हात कितीही धुतले तरी वास जात नाही म्हणून पुस्तक रुमालात धरतात.

आज यरुशलेमच्या सभेचा भाग. पहिल्या मंडळीत यहुदी नसलेले लोक यायला लागले तेव्हाचा वाद. आधी सुंता करा, आमचे नियम पाळा, मग तारण? की विश्वास पुरे? पेत्राने बाहेरच्यांची बाजू घेतली. मी नेहमीसारखं छान सांगितलं.

हिराबाई : "मंग घेतला त्यांना?"
"घेतलं."
"बिगर सुंता?"
"हो."
पोरं खिदळली. हिराबाई नाही हसल्या. "मंग माज्या कुंकवाचं पन इचारा तुमच्या कमिटीला."

कमिटीतल्या सरोजताईंनी त्यांना गेल्या रविवारी दारातच सांगितलंय, ईस्टरला बाप्तिस्मा हवा तर आधी कपाळ मोकळं करून ये. आणि हिराबाईंचा नवरा, रामदास, बोटीवर. एकदा गेला की दहा-बारा दिवस नाही.

"घरवाला दर्यात असताना कपाळ पुसू? मंजे मीच त्याला मारला."

मी म्हटलं, विचारते. विचारते म्हणजे कोणाला? कमिटीत मीही आहे.

रविवार, ८ मार्च

प्रभाकरमामा नगरहून आले. ईस्टरपर्यंत माझ्याकडेच. निवृत्त हेडमास्तर, तिकडच्या मंडळीत चाळीस वर्षं वडील, म्हणजे एल्डर. दोन खोल्यांत आता एक पेपर, एक काठी आणि एक मत कायम वाढलेलं.

हिराबाई आमच्याकडे आल्या कशा, हे मी मामांना मुद्दाम सांगितलं. दोन वर्षांपूर्वी रामदासची बोट वादळात अडकली, काही पत्ता नव्हता. हिराबाई भाऊच्या धक्क्यावरून चालत निघाल्या त्या कुठे चाललोय हे न कळता. आमच्या चर्चचं दार उघडं दिसलं, मागच्या बाकावर बसल्या. संध्याकाळपर्यंत.

मामा : "आणि नवरा परत आला. म्हणजे नवस फळला."

मीही एकदा तेच विचारलं होतं त्यांना. हिराबाई म्हणाल्या होत्या, "तो आला म्हनून नाय येत मी. त्या दिवशी माज्या बाजूला कोनतरी बसलेला. बाकावर कोन नव्हता, पन बसलेला."

मामांनी पेपरची घडी घातली. मग : "असेल. पण मग कपाळावर ते कशाला?"

रविवार, १५ मार्च

मंडळीचा वर्धापनदिन. उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये प्रीतिभोजन. प्रत्येक घरातून एक पातेलं, सगळ्यांनी एकत्र बसून खायचं. मामांचं भाषण लांबलं. हिराबाईंनी कोलंबीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. सुंदर. मी त्यांच्याजवळ बसले होते, नंतर मामांना पथ्याचं वाढायचं होतं म्हणून त्यांच्या टेबलावर गेले. उकाडा. डोकं दुखतंय. उद्या पेपर तपासायचे.

सोमवार, १६ मार्च

काल खोटं लिहिलं. स्वतःच्याच वहीत.

झालं ते असं. मी हिराबाईंच्या शेजारी बसले होते. भाकरी मोडली होती. दोन घास खाल्ले होते. मंडळीतली प्रीती आणि तिची आई समोर. हसतखेळत चाललं होतं, हिराबाई प्रीतीला कोलंबी कशी सोलायची ते दाखवत होत्या. तेवढ्यात मामा, पाळक आणि सरोजताई आत आले. मामा दारात थांबले. आमच्या टेबलाकडे बघितलं, मग हिराबाईंच्या कपाळाकडे. आणि नुसतं म्हणाले, "सुनी, ताट इकडे आण."

मी आणलं.

पथ्याचं वगैरे कोणी काही म्हणालं नव्हतं. मामांनी सगळं खाल्लं, जिलेबीसकट.

माझ्यामागून प्रीतीची आई उठली, मग प्रीती. त्या टेबलावर हिराबाई एकट्या. पाच मिनिटांनी बघितलं तर जागा रिकामी. पातेलंही नव्हतं.

आणि परवा बुधवारच्या वर्गाला काय आहे? अंत्युखियाचा प्रसंग. सभेत इतकं बोललेला पेत्र तिथे बाहेरच्यांबरोबर जेवत असतो. यरुशलेमहून याकोबाची, नियम पाळणारी माणसं येतात आणि तो हळूच त्यांच्यातून उठतो. त्याचं बघून बाकीचेही उठतात. पौल त्याला सगळ्यांदेखत झापतो. दर वर्षी हा भाग शिकवते. दर वर्षी मुलांना विचारते, पेत्र कशाला घाबरला असेल?

बुधवार, १८ मार्च

हिराबाई वर्गाला आल्या नाहीत. प्रसंग घेतला. नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

गुरुवार, १९ मार्च. पाडवा.

कॉलेजला सुटी. लालबागला गेले. मार्केट ओस, आज सगळीकडे श्रीखंड. हिराबाई पाटीवर ओलं फडकं टाकून बसलेल्या. मला बघून उठल्या नाहीत.

"काय देऊ? बायबलवाल्यांना डिस्काउंट नाय."

मी म्हटलं, हिराबाई, रविवारी मी चुकले.

शेजारची कोळीण ऐकत होती. हिराबाईंनी तिलाच विचारलं, "मॅडमच्या मामाला काय नको होता गं, कोलंबी का मी?" ती हसली. मीही हसायला गेले, जमलं नाही.

मग हळू आवाजात : "मॅडम, इथं पन म्हनतात, बाटली. सासू गुढीला हात लावू देत नाय. ते मी सोसते. त्यांना ठाव नाय मी काय बघितला ते. पन तुमाला तर ठाव हाय ना?"

अर्धा किलो बोंबील घेतले. त्यांनी पैसे मोजून घेतले, बरं वाटलं. फुकट दिले असते तर—

"बुधवारी याल?"
"बघू. घरवाल्याला इचारते फोन लागला तर."

शनिवार, २१ मार्च

रामदासचा मला फोन! बोटीवरून, तुटत तुटत. या माणसाला मी एकदाच पाहिलंय.

"मॅडम, तिचा देव तिला. मी कवा आडवला नाय, आडवनार पन नाय. पन कपालाला हात लावू नका. आमी वर पानी, खाली पानी..." पुढचं वाऱ्यात गेलं.

हा माणूस परवानगी देतोय आणि मी अजून ठरवलेलं नाही की कमिटीत काय बोलायचं. आणि बोलले तर कशासाठी? हिराबाईंसाठी, की माझा रविवार धुऊन निघावा म्हणून? हे दोन वेगळे काढता येत नाहीयेत. काढता येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर कधीच बोलणार नाही.

रविवार, २२ मार्च

कमिटी. आमच्याकडची रीत अशी की वर्ग घेणाऱ्याने एकेकाचं नाव घेऊन उभं राहून म्हणायचं, "हा तयार आहे." दोन्ही पोरांची नावं घेतली, माना डोलल्या. त्यांचा विश्वास आहे का, कशावर आहे, एकाने विचारलं नाही. आपलीच पोरं.

"हिराबाई तयार आहेत."

सरोजताई : "कपाळासकट?"
"कपाळासकट."
"उद्या हिचं बघून आमच्या सुना टिकल्या लावतील."
कोणीतरी मागून : "लावतातच, लग्नाला. फोटो बघा." हशा. पाळक हसले नाहीत. ते तरुण आहेत, भले आहेत, आणि बाहेरच्या धर्मांतराच्या ओरडीने धास्तावलेले आहेत. म्हणाले, "निदान ती पूर्ण आपली झाली असं दिसायला तरी हवं. उद्या कोणी तक्रार केली तर मी काय सांगू, अर्धी केली?"

मी म्हटलं, तारण विश्वासाने, हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. मग त्याला शेपूट का लावतो? आणि मग रविवारचं सांगितलं. ताट उचललं ते. कोणाला बघून उचललं तेही. मामा पाहुणे म्हणून बसलेले, समोरच.

थांबता आलं नाही, म्हणून पुढेही बोलले : "मामा, आजीच्या कपाळावर गोंदण होतं. मरेपर्यंत. त्यावरून तिला कोणी बाहेर बसवलं नाही."

मामा : "ते निघत नव्हतं."
"निघत असतं तर?"

वाटलं, जिंकले. तेव्हा मामा काठी धरून उभे राहिले.

"गोंदणावर कुंकू होतं. ते तिने पुसलं, माझे वडील जिवंत असताना. त्याच दिवशी तिच्या सासूने तिला घराबाहेर काढलं. मी तिच्या कडेवर होतो. आई ते सांगायची तेव्हा रडायची नाही, ताठ बसायची. आता तू म्हणतेस त्याची गरजच नव्हती. मग सांग, माझी आई काय म्हणून उन्हात उभी राहिली?"

मामा काठी टेकत खाली बसले.

शेवटी पाळकांनी मधला मार्ग काढला. फक्त त्या एका दिवशी मोकळ्या कपाळाने यावं, नंतरचं मंडळी बघणार नाही. हात वर झाले. माझाही अर्धा वर गेला. किती गेला ते मोजणाऱ्याला विचारावं लागेल.

निरोप मी द्यायचा.

मंगळवार, २४ मार्च

मामा दोन दिवस कामापुरतं बोलतात. सकाळी चहा देताना म्हटलं, आजीची किंमत मी कमी नाही लेखत. ते म्हणाले, "माहीत आहे." मग कपाकडे बघत, "पण कमी होते, सुनी. तू लेख अगर लेखू नकोस."

दिवसभर तेच डोक्यात. तिने दिलेलं खरं होतं. पण तिने दिलं म्हणून दुसरीकडून वसूल करायचं? की असंच काहीतरी त्या सभेतल्या म्हाताऱ्यांनाही वाटलं असेल, ज्यांनी आयुष्यभर नियम पाळले आणि समोर एक परका काहीच न देता आत आला?

त्यांचा राग मला आज पहिल्यांदा कळला. वर्गात मी त्यांना नेहमी मूर्ख ठरवत आले.

शुक्रवार, २७ मार्च

निरोप दिला. मार्केटात, गिऱ्हाइकांच्या मधे मधे. रामदास घरी आलाय, सोमवारी पुन्हा निघणार, तो ईस्टरनंतरच परत. म्हणजे त्या दिवशी तो पाण्यावरच.

हिराबाई कोयत्याने सुरमई कापत होत्या. थांबल्या नाहीत.

"एकच दिवस?"
"एकच दिवस."
"मंजे एक दिवस मेला तर चालंल?"

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी पानी कुठं वततात?"
"कपाळावर. तीनदा."
"मंग पाद्र्यांनी वतावा. पानी पडल्यावर गेला तर गेला, देवानं नेला. माज्या हातानं मी नाय पुसनार."

मग, कारण मला सगळं पक्कं करून घ्यायची खोड, विचारलं : "आणि मग?"
"मंग काय? घरी जाऊन परत लावीन."

आणि पिशवी हातात देताना : "माज्या बाजूला कोन उभा राहनार? तुमीच ना? का ताट उचलनार परत?"

रविवार, २९ मार्च. झावळ्यांचा रविवार.

उपासनेनंतर पाळकांना गाठलं. हिराबाईंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. परत लावणार हेही. लपवलं असतं तर ते बहुतेक लगेच हो म्हणाले असते.

ते बराच वेळ हातातली झावळी सोलत राहिले. "तुम्ही मला अवघड जागी आणलंत."
"मी नाही."
"हो. तुम्ही नाही." मग, "कमिटीने ठरवलंय, सुनीताबाई. मी एकटा कसं मोडू?"
"मग नाही म्हणा."
"तेही जमत नाहीये."

शुक्रवार, ३ एप्रिल. उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे.

तीन तासांची उपासना. हिराबाई आल्या, मागच्या बाकावर. कुंकू नेहमीचं, ठसठशीत. मी पुढची जागा सोडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. उशीर झालाय याला, माहीत आहे. त्यांनी नुसती पिशवी सरकवली.

मामा पुढून एकदा मागे वळले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

शनिवार, ४ एप्रिल

संध्याकाळी पाळकांचा फोन. "या दोघी उद्या. सकाळी सातला."
"हो समजू का?"
"या म्हटलं. ती समोर उभी राहिल्यावर मी काय करीन ते मला आत्ता ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू?"

सरोजताई पहिल्या बाकावर असणार. मामाही. मी बाप्तिस्म्याच्या हौदाशी उभी राहीन, सगळ्यांच्या तोंडासमोर, आणि कदाचित पाळक पाण्याचं भांडं खाली ठेवतील. मग हिराबाईंना दुसऱ्यांदा तिथून परत जायला लावलेलं असेल, तेही मीच बोलावून. त्यांना आत्ताच थांबवावं का? थांबवणं म्हणजे पुन्हा ताटच.

हिराबाईंना फोन लावला. मागे सासूचा आवाज, टीव्ही. सांगितलं, सात वाजता. पाळकांनी हो म्हटलेलं नाही, तेही सांगितलं.

"मंग?"
"मी बाजूला उभी राहणार. तेवढंच माझ्या हातात आहे."
मग, "कुंकू लावून येऊ ना?"
"लावून या."

मोठ्यानेच म्हटलं असणार. बाहेरच्या खोलीत मामांनी पेपर खाली ठेवला. काठीचा आवाज माझ्या दारापर्यंत आला.

"किती वाजता येणार आहे ती?"
"सातला."
"मग मला साडेसहाला तिथे सोड," म्हणाले. कशाला, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.