आठ दारं आणि कुंकवाची बाजू

चि. सर्जेराव यांस,

जळोचीहून हिंदुरावांचा आशीर्वाद. माझे गुडघे वगळता मी आणि तुमची अक्का लीला, दोघं खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे? इंदापूरच्या तुमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपात फार वाकत जाऊ नका, हे दाजी म्हणून वडीलकीनं सांगतो. (फोनवर बोललेलं घरभर ऐकू जातं, म्हणून पत्र.)

विशेष म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्याखालची आठही दारं मी स्वतः बसवली. माझ्या निवृत्तीच्या जेवणात तुम्ही चारचौघांत म्हणालात, "दाजी, आता कशाला हात लावू नका, नुसतं बघत बसा." ते मला लागलं, हे आज स्पष्ट लिहितो. एमआयडीसीत एकतीस वर्षं मशीन चालवलेला माणूस नुसता काय बघत बसणार? म्हणून मी आत लपणाऱ्या बिजागऱ्या आणल्या आणि जिगही आणली. (जिग म्हणजे ड्रिलला जागा दाखवणारा साचा. तुम्ही नजरेनंच भोक पाडता, असो.)

कामाआधी लीलानं आठही दारांना हळदकुंकू लावलं. या बिजागऱ्यांची भोकं दाराच्या मागच्या बाजूला पाडायची असतात, पण दारांच्या दोन्ही अंगांना पांढरा प्लास्टिकचा कागद होता, त्यामुळे पुढची बाजू कुठली ते कळेना. मी धरून चाललो की जिथं काम करायचं तिथंच पूजा झाली असणार. जिग लावली की सगळा माल एका दमात काढायचा, ही आमची कारखान्याची शिस्त. सोळा भोकं पाडली, एकही केसभर चुकलं नाही. मग कागद सोलला, तर सगळी भोकं पुढच्या सागवानी सनमायकावर. लीला म्हणाली, "कुंकू तोंडाला लावत्यात, पाठीला न्हाय." तिनं म्हणे कागदाचा कोपरा उचलून बघितलं होतं; मग हे तिनं आधी सांगायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे.

मी हटलो नाही. भोकांची बाजू आत घेतली आणि दारं बसवली. फटी सारख्या आहेत, बंद होताना आवाज नाही. बाहेरून ती पांढरीफटक दिसतात, पण उघडली की आत सागवान. शेजारच्या म्हाळसाबाईंना मी ही नवी पद्धत असल्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

सुप्रियाला आणि मुलांना आशीर्वाद सांगा.

तुमचा दाजी,
हिंदुराव

ता. क. गुरुवारी दुपारी लीला भिशीला जाते. तेवढ्या वेळात त्याच मापाची आठ नवी दारं टेम्पोत घालून आणा. भोकं मीच पाडीन.

आणखी ता. क. सर्जा, मी लीलाक्का. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. दारं आणू नको, मला पांढरी चालत्यात. रिटायर झाल्यापास्नं ह्ये दिसभर खुर्चीत बसून असायचे, बोलत बी नव्हते. ह्या चार दिवसांत जेवायला हाका माराव्या लागल्या. तू गुरुवारी ये, पण तुझ्या घरचं एखादं मोडकं कपाट घेऊन ये आणि म्हण, "दाजी, मला ह्ये काय जमंना."