रेवणसिद्ध विमानात बसल्याची हकिगत

मुक्काम कळंब, जिल्हा उस्मानाबाद (सरकारात उस्मानाबाद, घरात धाराशिव)
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६८

तीर्थस्वरूप शरणबसप्पाअण्णा यांचे चरणी शिवलिंगप्पाचे शरणार्थ.

पत्र उघडताच आधी वरच्या कोपऱ्यातलं कुंकू पाहावं आणि मगच पुढं वाचावं. इकडे सर्व खुशाल आहेत. सर्व म्हणजे सर्व, आमचा रेवणसिद्धसुद्धा. आपल्या मुरूमच्या बाजारात आमच्याबद्दल कुणी काही वेगळं सांगितलं असेल, तर त्याला हे कुंकू दाखवावं. आपल्या गुडघ्याचं कसं आहे? करडईचं तेल कोमट करून चोळता का, की वहिनींनी वाटी आणून ठेवायची आणि आपण तिच्याकडं बघत बसायचं, असं चाललंय? चि. गंगूस अनेक आशीर्वाद. (तिच्याबद्दल शेवटी लिहितो. वळसा घेतल्याशिवाय मला कुठं पोचता येत नाही, हे आपली बहीण नीलम्मा लग्नापासून सांगत आली आहे.)

दसऱ्याला आपण भरल्या बैठकीत मला सुनावलंत, की ज्याचे पाय जमिनीला लागत नाहीत अशा माणसाला मी माझी गंगू देणार नाही. हे हवाई जहाज चालवण्याच्या धंद्याला पुढं काही भवितव्य आहे का, ते तुम्ही आडतदार आहात, नीट तोलून कळवा. त्याप्रमाणे मी तोलायला बसलो. जन्मभर ज्वारी तोलली, तूर तोलली, ओली करडई कोरडी म्हणून आणणारे लोकही तोलले. पण हा माल पारड्यात ठरेना. हैदराबादेत हवाई जहाज चालवायला शिकणारा रेवणसिद्ध म्हणतो, लढाई संपली, आता तिथं कंपनीची मोठी जहाजं आली आहेत, आणखी थोड्या वर्षांत आपण येरमाळ्याला जातो तसे लोक मुंबईला वरून जातील. मी म्हणालो, येरमाळ्याला आपण कसे जातो ते तरी आठव. आपली ती कोळशावरची मोटार चढावर धापा टाकायला लागली की सगळे खाली उतरून ढकलतात, मी स्वतः फेट्यासकट ढकलली आहे. वर बंद पडली तर उतरून ढकलणार कोण? यावर तो हसला. आजकालच्या मुलांना अडचण सांगितली की हसू येतं.

बरं, लोकांना सांगायचं काय? मोटार चालवतो तो डायवर. हा उंचावरून चालवतो म्हणून काही त्याला तहसीलदार म्हणणार नाहीत. दुसरं, पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारा आपला मुलगा, आभाळात पूजा कुठं मांडणार? तर म्हणतो, अप्पा, लिंग गळ्यातच असतं, ते बरोबर येतं, आणि तिथून शिव जवळच पडतो. तिसरं, राज्याचं. इंग्रज जाणार म्हणतात, निजामसरकारचं काय होणार ते सांगायला कुणी तयार नाही. खाली जमीन कुणाची हेच जिथं ठरेना, तिथं वरच्या आभाळावर नोकरी धरायची? (एक गोष्ट मात्र कबूल करतो. सोलापूरकडं माल नेताना जकातीसाठी करोडगिरी नाक्यावर आपली जी पोती फोडून बघतात, ती या धंद्यात फोडता येणार नाहीत. नाकेदार खालून नुसता वर बघत राहील. एवढ्या एका कारणासाठी मी अर्धा दिवस रेवणसिद्धाच्या बाजूचा झालो होतो.) शेवटी पारडं वाईटाकडंच झुकलं, आणि तसं आपल्याला कळवणार होतो. इतक्यात निरोप आला.

निरोप कसा आला ते नीट ऐका, कारण सगळा घोटाळा त्यात आहे. येरमाळ्याचा बब्रुवान शेताच्या खटल्यासाठी हैदराबादेच्या अदालतीत गेला होता. तिथं त्याला रेवणसिद्ध भेटला. त्याआधीच्या निरोपात रेवणसिद्धाला हिवताप झाल्याचं कळलं होतं, म्हणून आपली बहीण रोज दाराकडं डोळे लावून होतीच. रेवणसिद्धानं बब्रुवानाला सांगितलं, की अप्पांना सांगा, काल हवाई जहाजात म्होरच्या, चालवायच्या खुर्चीत बसलो, अव्वाला धीर द्या, चार दिवसांत येतोच. यात वावगं काय आहे? काही नाही. पण बब्रुवान येरमाळ्यालाच उतरला आणि कळंबला निघालेल्या महारुद्र मास्तरांच्या हाती निरोप सोपवला.

महारुद्र मास्तर आपल्याला आठवत असतील. दसऱ्याला ज्यांनी आपल्याला खुर्चीवर नव्हे, 'आसंदीवर' बसा म्हटलं आणि आपण गोंधळून खाली जाजमावर बसलात, ते. निजामसरकारनं शाळांतून उर्दू चालवल्यापासून मास्तरांनी आपल्या मराठीतला उर्दू शब्द न् शब्द वेचून काढायचा चंग बांधला आहे. माणूस सोन्यासारखा. हेतू तर फारच चांगला. पण त्यांच्याकडून निरोप आला की तो धुऊन, वाळवून येतो. त्यांनी 'हवाई जहाज' काढून टाकलं, खुर्ची काढून टाकली आणि शुद्ध मराठीत आमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "शिवलिंगप्पा, धन्य झालात. तुमचा रेवणसिद्ध विमानात बसला. जाताना म्हणाला, अव्वाला धीर द्या."

अण्णा, आपल्यात विमानात बसणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. (मास्तरांना मात्र नंतर उलगडून सांगावं लागलं.) बांबूचं विमान, त्याला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, आत भस्म लावून बसवलेला आपला माणूस, पुढं शंख, आणि मग शेतातली समाधी. वडिलांना मी माझ्या हातानं तसं बसवलं आहे. घरात रेवणसिद्धाच्या यंत्राला कुणी विमान म्हणून तोंडातून काढलं नव्हतं. आम्ही सगळे हवाई जहाजच म्हणत होतो. माझी मतीच गुंग झाली. ऐकू येत होतं, पण आत काही शिरत नव्हतं. आणि मास्तर डोळ्यांत चमक आणून म्हणाले, "आपल्या तालुक्यातला पहिलाच!"

मी म्हणालो, "पहिला कसा, मास्तर? माझे वडील बसले, आजा बसला. आमच्यात समदेच बसत्यात."

मास्तर बघतच राहिले. "समदे? बायामाणसंसुद्धा?"

"बायामाणसंसुद्धा. ह्याच ओट्यावरनं."

"आणि मला पत्ता नाही! मग तुम्ही?"

"माझीबी येळ येईलच की."

तेवढ्यात त्यांच्या मोटारीचा भोंगा वाजला. 'चार दिवसांत येतोच' हे त्यांच्या ओठांवर असतानाच ते धोतराचा सोगा धरून पळाले. (शिवलिंगप्पाचं घराणं तीन पिढ्या विमानविद्या जाणून आहे, असं त्यांनी येरमाळ्यात सांगितलं आणि त्यावर व्याख्यानही ठरवलं. ते मी पुढं मोठ्या मिनतवारीनं थांबवलं.)

नीलम्मानं आतून सगळं ऐकलं होतं. "अय्यो शिवा" म्हणून तिनं जे अंग टाकलं ते मला आजही सांगवत नाही. चूल विझली. शेजारणींनी भाकरी-पिठलं आणून ठेवलं, ते कुणी शिवलं नाही. हैदराबादला निघायचं म्हणून उठलो, तर मोटार येडशीच्या अलीकडं बंद पडलेली. आपल्याकडं धाडलेला माणूसही तिथनंच परत आला. दुसऱ्या दिवशी दुपारी मठाचे स्वामी आले, आडतीवरचे लोक आले, अंगण भरलं. मला सारखं एकच खात होतं, की परक्या गावात पोराला भस्म कुणी लावलं असेल, खांदा कुणी दिला असेल. आणि मी घरी बसून त्याच्या धंद्याचं भवितव्य तोलत होतो! मग मला राहवलं नाही. भर अंगणात उभा राहून मी ओरडलो, की माझा रेवणसिद्ध जिता असता तर त्याला हवाई जहाज काय, आभाळातलं काय वाट्टेल ते चालवू दिलं असतं, आन् गंगूचं लगीनबी लावून दिलं असतं!

आता रेवणसिद्धाची बाजू ऐका. तो ठरल्याप्रमाणे सुट्टीवर आलेला. मोटार कशीबशी दुरुस्त होऊन मोटारतळावर उतरला तर ओळखीची माणसं त्याच्याकडं न बघता खाली माना घालून आमच्या घराकडं निघालेली. एकाला विचारलं, कोण गेलं, तर तो माणूस त्याचं तोंड बघून किंचाळत पळाला. पोरानं ओळखलं, घरातलंच कुणी गेलं. तो तसाच रडत धावत आला आणि गर्दीमागं उभा राहिला. आधी त्याला चुलीपाशी त्याची आई दिसली. मग माझं ओरडणं ऐकू आलं. डोळे पुसून तो मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, तुम्ही हायसा. अव्वा हाय. मग गेलं कोन?"

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. निळा कोट, पितळी बटणं, डोक्यावर टोपी. स्वामींच्या हातातला शंख खाली पडला. दोघं आडते भिंतीवरून उड्या मारून गेले (ते अजून माझ्याशी बोलत नाहीत). आणि नीलम्मा उठली, सरळ चालत गेली, त्याच्या एक थोबाडीत दिली, आणि मग त्याला असं कवटाळलं की एक बटण तुटून अंगणात घरंगळलं. मी तिथंच खाली बसलो. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं. रेवणसिद्ध माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "अप्पा, मघाचं तुमचं बोलनं समद्यांनी ऐकलंय बरं का."

तेव्हा अण्णा, आपण विचारल्याप्रमाणे तोलून कळवतो, की हवाई जहाज चालवण्याच्या धंद्याला भवितव्य उत्तम आहे. इज्जतीचा धंदा आहे, थंड हवा आहे, शिव जवळ आहे, नाका नाही. निजाम राहो की जावो, माणसाला कुठं ना कुठं लवकर पोचायचं असतंच. मी पाहिलं, मुलगा घरी चालत येतो. याहून जास्त भवितव्य मला तूर्त नको आहे.

गुडघा जपावा. वहिनींना शरणार्थ. लोभ आहेच, तो गंगूच्या सासरकडंही वळू द्यावा.

आपला,
शिवलिंगप्पा

ता. क. दसऱ्याच्या बैठकीआधी विहिरीवर, रेवणसिद्धानं हा नाद सोडावा म्हणून, मी आपल्याला जे बोला म्हणून पढवलं, आणि आपण माझ्या पढवण्यापेक्षाही जोरात बोललात, ते आता कृपा करून आपल्याच तोंडानं मागं घ्यावं. माझं नाव कुठं येऊ देऊ नये. नीलम्माला अजून वाटतं की तिचा भाऊच हट्टी आहे, आणि माझ्या संसारासाठी ते तसंच राहणं बरं. गंगूला विचारायची गरज नाही. तिनं रेवणसिद्धाला दसऱ्यालाच सांगून ठेवलंय, की मुरूम वरून कसं दिसतं ते मला बघायचंय.

आणखी ता. क. लग्नाची पत्रिका लिहून द्यायला महारुद्र मास्तर तयार आहेत. ते काम त्यांना देऊ नये. 'वधूवर विमानातून प्रस्थान करतील' असा मजकूर त्यांनी करून ठेवलेला मी पाहिला आहे.

शेवटचं ता. क. रेवणसिद्धानं मला आणि नीलम्माला हैदराबादेच्या बेगमपेठहून हवाई जहाजातून एक फेरी घडवायचं ठरवलंय. ती तयार आहे, दशम्यांचं पीठसुद्धा दळून झालं. माझा गुडघा दुखतो असं मी सांगून पाहिलं, पण तो आपला दुखतो हे तिच्या लक्षात आहे. म्हणून विनंती, की आपण दोन दिवस आधी यावं आणि माझ्या शेजारी बसावं. मी भितो असं नाही. पण मास्तरांचं एक खरं निघालं. आमच्या घराण्यात विमानात बसून परत घरी आलेला रेवणसिद्ध हा पहिलाच. दुसरा व्हायचं माझ्या मनात आहे, आणि तेव्हा हात धरायला आपल्यातलं कुणी तरी असावं.