सुधारलेलं चित्र

३ मार्च

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आठवीची मुलं विज्ञानात चार वर्षांपूर्वीपेक्षा पुढे गेली आहेत. ते चूक आहे. पुढे गेली आहेत ती चित्रं.

आमच्या कार्यालयाच्या चाचणीत दर चार वर्षांनी शाळांतल्या मुलांना काही प्रश्न तेच्या तेच विचारतात. त्यांत टिंबही बदलायचं नसतं, नाहीतर तुलना कशी करणार? यंदा आमच्या चित्रकारकाकांना जुनी चित्रं पुसट वाटली, म्हणून त्यांनी ती सगळी नव्याने काढली. प्रश्न गुप्त असल्यामुळे जास्त सांगता येत नाही. एक वस्तू पूर्वी बादलीसारखी दिसायची, ती आता पेल्यासारखी दिसते, एवढंच. चित्रांच्या प्रश्नांत मुलांनी उडी मारली आहे. बिनचित्रांच्या प्रश्नांत ती जागची हललेली नाहीत. काकांना विचारलं, तर म्हणाले, अगं, मुलांना दिसायला नको का.

आमच्या कार्यालयाच्या मुख्य बाईंनी वाढ झाल्याचं सगळ्या शाळांना कळवून टाकलं आहे. माझी नोकरी अजून कच्ची आहे आणि ती पक्की करणाऱ्या कागदावर सही त्यांचीच. काय करू?

तुझी मर्जी राहू दे.
तुझी भाची

७ मार्च

चि. शंकाबाईस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी मी तुला स्वयंपाकघरात बर्फ वितळवून दाखवला, तर तू विचारलंस की पाणी ताटलीत आधीपासून नव्हतं कशावरून. तेव्हाच मी तुझ्या बाबाला म्हटलं होतं, ही कुठे सुखाने नोकरी करणार नाही.

तुमची ती वाढ कळल्यापासून आमचे मुख्याध्यापक आठवीच्या विज्ञानाची बाई म्हणून मला जिन्यात वाट देतात. मी निवृत्त होताना माझ्या निरोपाच्या भाषणात तो आकडा घालणार आहेत. माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्यांना तेवढंच सापडलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं होतं. पण आता मुलं सुधारलीच आहेत म्हणून विज्ञानाचे जादा तास बंद होणार आहेत. काल वर्गात विचारलं, बर्फाच्या पेल्याला बाहेरून पाणी कुठून येतं. निम्मा वर्ग म्हणाला, पेला गळतो.

जेवत जा.
तुझी आत्या

११ मार्च

ति. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, चार वर्षांनी बघू. चार वर्षांनी ही नवी चित्रंच जुनी म्हणून धरतील आणि कोणाला काही कळणार नाही.

अहवाल छापायला जाण्याआधी एक बैठक होते. तिच्यात कोणाचा आक्षेप आहे का, असं विचारतात आणि सगळे चहाकडे बघतात. मी हात वर करणार आहे. चित्रांचे प्रश्न वगळून हिशोब केला आहे. वाढ उरत नाही. काकांचं नाव घेणार नव्हते, पण ते म्हणाले, चित्रं चांगली झाली असंच सांगणार ना, मग घे की.

तुझ्या निरोपाच्या भाषणाचं वाईट वाटतं. नोकरी गेली तर तुझ्याकडे येईन. बाबांना इतक्यात सांगू नकोस. लोभ आहेच, त्या दिवशी थोडा जास्त असू दे.

तुझी भाची

ता. क. दिवस लिहायचा राहिला. बैठक सोमवारी, १६ मार्चला आहे.