दुसऱ्या जागेवर कोण

१२ ऑगस्ट, सोमवार

अकरा दिवस झाले ही वही घेऊन आणि पहिली ओळ आज! रोज ठरवायचो, जेवल्यावर लिहू. जेवल्यावर झोप. कोच पेटवे रोज विचारतात, "लिहिलंस?" मी म्हणतो, "डोक्यात आहे." आज वैतागले. "टकर, तुझ्या डोक्यात नुसता वारा आहे. कागदावर उतरव. लिहिल्याशिवाय माणूस बघायला शिकत नाही."

तर उतरवतो. दोन कॉलेजं अर्धवट सोडली आणि आता तिसऱ्यात चक्क नोकरी, फुटबॉलच्या संघात. मैदानाच्या कडेला ती वर-खाली होणारी शिडीगाडी आहे, तिच्यावर चाळीस फुटांवर उभं राहून सराव चित्रित करायचा. मग खोलीत बसून प्रत्येक धावेपुढे नंबर टाकायचा. कोण धावला, किती यार्ड, चेंडू सुटला का. हे आईला फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला.

पेटवेंच्या हाताखाली आमचे रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारे. जॅरेट मूडी पहिला, यात वाद नाही. पण मांडी कच्ची — गेल्या वर्षी दोनदा धरली. एकाचा गुडघा गेला, वर्षभर घरी. एकाचं बोट मोडलंय, ऑक्टोबरपर्यंत प्लास्टर. उरला टेक्सासचा ट्रे ब्रॉसार्ड. पांढरे बूट, तोंड दिवसभर चालू. पाय? बघू.

पेटवे म्हणतात, पहिला कोण हे आंधळ्यालाही दिसतं. संघ कळतो तो दुसऱ्या जागेवरून.

१३ ऑगस्ट

शिडीगाडीवरून ससाणा दिसला. त्याच्याकडे बघता बघता चार धावा हुकल्या. ओरडा खाल्ला. ससाणा मात्र झकास होता.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पेटवे गुडघ्याच्या ऑपरेशनला विचिटाला गेले. मंगळवारी परत. जाताना म्हणाले, "शनिवारी आपसातली मॅच आहे. मी नाही. तुझ्या कागदावरूनच सगळं ठरणार. नंबर बघू नकोस, पाय बघ." हो हो म्हटलं.

बॅक कमी पडले म्हणून बचावातल्या एकाला इकडे घेतलं. आयझॅक उनरू. चाळीस मैलांवरच्या मेनोनाइट, म्हणजे साधं राहणाऱ्या, शब्दाला पक्क्या ख्रिस्ती पंथातल्या शेतकऱ्याचा मुलगा. न बोलावता, स्वतःहून आलेला. शिष्यवृत्ती वगैरे काही नाही. जेवताना माझ्या शेजारी बसला. दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक मिठाबद्दल. दुसरं मी काढून घेतलं. वडिलांनी एकच हंगाम दिलाय. नाव कटलं तर घरी यायचं आणि पुन्हा फुटबॉलचा विषय नाही. तसा शब्द देऊन आलाय.

"मग कटू देऊ नकोस," मी म्हटलं.

"तेच करतोय," म्हणाला. म्हणजे तीन वाक्यं झाली.

१७ ऑगस्ट, शनिवार

काय मॅच झाली! खरं तर सगळी बघितली नाही, वाऱ्याने शिडीगाडी झुलत होती, मी एका हाताने कठडा धरून. पण रात्रीच्या जेवणाआधी नंबर टाकून मोकळा झालो. चौतीस नंबर तर पेटला होता — एक्केचाळीस यार्ड, मग गर्दी फोडून बारा, मग गोलरेषेवर दोघांना अंगावर घेऊन आत! कागदावर नाव घातलं, ब्रॉसार्ड, ब्रॉसार्ड, ब्रॉसार्ड. म्हणजे त्याच्या तोंडाला पायांची जोड आहे तर.

आयझॅकपुढे काहीच नाही. बिचाऱ्याला चेंडूच मिळाला नाही वाटतं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

दारावर यादी लागली. बारा जणांची नावं कटली, सगळे न बोलावता आलेले. पहिला मूडी, दुसरा ब्रॉसार्ड. आयझॅक उनरू नाही.

यादी त्याने दोनदा वाचली. कुणाशी भांडला नाही. कपाट रिकामं केलं, पुसून घेतलं (!), आणि माझ्याशी हात मिळवून गेला. "तुला शिडीवरून बरं दिसत असेल," एवढंच म्हणाला.

पेटवे यादीपुढे कुबड्यांवर उभे. "त्या पोरात मला काहीतरी दिसलं होतं."

मी म्हटलं, "कागद तसं म्हणत नाही."

२४ ऑगस्ट, शनिवार

लिहायला हात धजत नाही. लिहितो.

पहिल्या सामन्याआधी मुलांना दाखवायला चांगल्या धावांची एक फीत जोडायची होती. एक्केचाळीस यार्डांची धाव लावली. हळू केली. चौतीस नंबर पळतोय — काळ्या, झिजलेल्या बुटांत.

ब्रॉसार्ड पांढऱ्या बुटांशिवाय जेवायलासुद्धा येत नाही!

दुसरी लावली. काळे बूट. तिसरी. काळे बूट. मग धावत कपड्यांच्या खोलीत. शिबिरात एकशे बारा पोरं आणि नंबर नव्व्याण्णव. म्हणून एकच नंबर दोघांना देतात, एक हल्ल्यात, एक बचावात. रंग वेगळे, त्यामुळे अडत नाही. ब्रॉसार्ड हल्ल्यात पांढरा चौतीस, आयझॅक बचावात निळा चौतीस. इकडे आला तेव्हा पांढरा शर्ट दिला — आणि नंबर बदलायचा राहिला. मैदानात दोन पांढरे चौतीस. माझ्या कागदावर एकच.

त्या तीन धावा त्याच्या. चुकीचं नाव मी घातलं.

२५ ऑगस्ट

गाडीत पेट्रोल भरलं. घर ऑरेगनला, सतराशे मैल. मग अर्धा तास पंपावर बसून पीचची पेस्ट्री खाल्ली आणि परत आलो. याआधी दर वेळी निघून गेलोय.

२६ ऑगस्ट, सोमवार

सकाळीच पेटवेंच्या खोलीत जाऊन सांगितलं. तिन्ही धावा दाखवल्या. त्यांनी तिसरी पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, "पाय बघ म्हटलं होतं की नाही?"

"हो."

"डोळ्यांत काय मका भरला होता?" मग आवाज खाली आला. "पळून गेला नाहीस. हे एक बरं केलंस. बाकी गाढवपणा."

मोठ्या कोचकडे गेलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जागा आहे. बाहेरगावचा सामना आहे, बस शुक्रवारी निघते. नावं गुरुवारी चारला बंद. बोलवा त्याला."

आणि दुपारच्या सरावात मूडीची मांडी धरली. तीन आठवडे बाहेर! आता पहिला ब्रॉसार्ड आणि दुसरा कोणीच नाही.

ब्रॉसार्डलाही सांगितलं. मला वाटलं उसळेल. तो बुटांच्या नाड्या बांधत राहिला. "मला माहीत होतं."

"काय?"

"माझ्या त्या दिवशी मोजून सहा धावा, आणि त्यातल्या दोनदा तोंडावर पडलो. कागदावर नऊ! म्हटलं वरती कुणाची तरी कृपा आहे." जरा वेळाने, "माझी आजी असती तर कानाखाली दिली असती. आण त्याला. एकट्याने चाळीस वेळा घुसलो तर मला परत येताना पोत्यात भरून आणाल."

२७ ऑगस्ट

पेटवेंनी फोन केला. आयझॅक म्हणाला, "उपकार झाले, कोच. पण नाव कटलं होतं. शब्द दिलाय." चूक आमची होती असं तीनदा सांगितलं. "यादी लागली होती, कोच." संपलं.

पेटवेंनी फोन ठेवला. "शब्द बापाला दिलाय. सोडवणाराही बापच."

२८ ऑगस्ट, बुधवार

मीच गेलो. रस्ता चुकलो, दोन कासवं रस्त्यावरून उचलून गवतात सोडली, एका चर्चच्या अंगणात कलिंगडं विकत होते तिथे रेंगाळलो. खरं तर भीती वाटत होती.

उनरूंच्या शेतात मक्याची कापणी सुरू. म्हातारा यंत्रावरून खाली उतरला. हातात हात नाही, फक्त मान. आयझॅक धान्याचा ट्रक घेऊन गावात गेला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन चौतीस, बूट, कागद.

"चुकीचं लिहिलं तो तू?"

"हो."

"आणि सांगायला इतक्या लांब आलास."

"हो."

त्याने मक्याचं कणीस सोललं, दाणे अंगठ्याने तपासले. "तू म्हणतोस तो चांगला धावतो. कोचही फोनवर पोराला तेच म्हणाला म्हणे. लोक काहीही म्हणतात. मी कधी बघितलं नाही."

"बघायला या," मी म्हटलं.

"कापणी आहे," म्हणाला, आणि वर चढला. यंत्राच्या आवाजात मी काहीतरी ओरडलो. काय ते आठवत नाही.

येताना मात्र उगाच बरं वाटत होतं. का, ते कळत नाही. नाही तर नाही म्हणणारा माणूस तो. पण नाही म्हणाला नाही!

२९ ऑगस्ट, गुरुवार, दुपारचे साडेतीन

बसच्या यादीत दुसरी ओळ कोरीच. पेटवेंनी नुसता आकडा लिहून ठेवलाय, पुढे रेघ. ब्रॉसार्ड दर पाच मिनिटांनी दारातून डोकावतो, "आला?" आणि उत्तर न ऐकताच जातो.

त्याच दिवशी, पावणेचार

घाईत लिहितोय. दारात उनरू म्हातारा उभा आहे. टोपी हातात, बुटांना शेतातली माती. एकटाच. पोरगं खाली ट्रकमध्ये बसवलंय म्हणतो, खेळाचे बूट मांडीवर घेऊन.

"त्या तीन धावा," म्हणाला. "आधी मला दाखव."