फुली जिथे, तिथे

३ ऑक्टोबर
पोहोचलो एकदाचा! समुद्रात घुसलेल्या खडकावर हे हवामान केंद्र. बाहेर जायला एकच बांध. खोली एवढीशी, पण खिडकीत अख्खा समुद्र. खाली एक जुनी होडी बांधलेली आहे. मला वल्हवता येत नाही कळल्यावर भिंगकाका पोट धरून हसले. ते इथले प्रमुख. उपग्रहाची चित्रं अजून भिंगातून बघतात, म्हणून हे नाव. म्हणाले, कॉलेज अर्धवट सोडून आलायस, निदान हे तरी पुरतं शीक. काम सोपं आहे. दर अर्ध्या तासाला चित्र येतं. ढग गोल फिरायला लागलेले दिसले की बरोबर मध्यावर फुली मारायची. चक्रीवादळ होईल का, कुठे जाईल, हे पुढे यंत्र काढतं. नोकरी पक्की झाली की तिच्या गावी जाणार. तिच्या बापासमोर ताठ मानेने, मागणी घालायला.

६ ऑक्टोबर
समुद्र कोराच. कंटाळून मोकळ्या पाण्यावर उगाच एक फुली मारली. भिंगकाकांनी पाहिलं आणि माझी बिनपाण्याने केली. म्हणे, राजा, आपण ढगांकडे बघायचं; ढगांना आपल्याकडे बघायला लावायचं नाही. पुसतोय तोवर पुढचं चित्र आलं. फुलीभोवती ढग जमले होते. योगायोग, दुसरं काय. फुली तशीच राहू दिली.

९ ऑक्टोबर
आईचा फोन. तिचं लग्न ठरलं, दुसऱ्याशी. आई म्हणाली, बाळा, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. घातलीच. तिला फोन लावला तर तिच्या भावाने उचलला. म्हणाला, अर्धवट सोडणाऱ्यांना आम्ही पोरगी देत नाही.
तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवसांत त्या ढगांचं वादळ झालं होतं. त्याची फुली उचलली आणि तिच्या गावाच्या रोखाने पुढे ठेवली. मनात म्हटलं, जा.
गेलं.

१० ऑक्टोबर
वादळाला डोळा फुटलाय. काळा, गोल, स्वच्छ. अंदाजाची रेघ थेट तिच्या गावावर. इशारा गेलाय, पण एवढं गाव एका दिवसात हलायचं नाही. फुली भर समुद्रात ओढून पाहिली. ऐकत नाही. मागे वळत नाही, नुसतं थोडं बाजूला कलतं.
भिंगकाकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. केंद्र रिकामं करतोय, गाडीत बस, एवढंच म्हणाले. मी नकाशा पाहिला. तिचं गाव चुकवायचं तर वाट एकच, आमच्यावरून.
नाही बसलो.

११ ऑक्टोबर, सकाळ
बांध पाण्याखाली. दर चित्राला फुली थोडी थोडी माझ्याकडे सरकवतोय. एकदा डुलकी लागली, एक चित्र हुकलं. लगेच वादळ तिच्याकडे वळलं. खुर्ची सोडायची सोय नाही.

दुपार
खिडकी गेली. छपराचा पत्रा — शेवटची फुली स्वतःवर मारली. वीज गेली. पडदा काळा.

नंतर
वारा एकदम बंद. डोक्यावर निळं आकाश, चहूकडे ढगांची भिंत. डोळ्यात आहे मी. पाणी ओसरलंय, बांध उघडा! धावत सुटलो, तिच्याकडे.
समोरची भिंत पुढे सरकली. मी थांबलो, ती थांबली. मागे आलो — मागे आली.
पडदा नकोच आता. फुली मीच.

संध्याकाळ
तसंच. हलत नाही, कारण मी —
फोनला जरा नेटवर्क आलं. तिचा निरोप. लग्न मोडलं. भावाशी भांडून निघालीय. तू नको येऊस वेड्या, मीच येते. बांधाजवळ आलेच.
बांधाजवळ. म्हणजे भिंतीच्या पलीकडे.
परत फिर म्हणून सांगायला — फोन लागत नाही. पुन्हा लावला — नाही.
तिच्याकडे गेलो तर भिंत तिच्यावर. इथेच राहिलो तर ती चालत भिंतीत —
होडी अजून आहे. त्या बाजूला नुसता समुद्र. मी जिथे, वादळ तिथे. वल्हवता येत नाही, पण भिंगकाका, या वेळी अर्धवट सोडणार ना—